वादापूर्वीचा कागद : दवाखाना व औषधालयातील नित्याचे तंटे



प्रस्तुत लेखाचा आरंभ स्वतःच्याच एका चुकीने करणे मला योग्य वाटते. २०१६ सालच्या दिवाळीपूर्वीची ही गोष्ट आहे. भाईंदर पूर्वेतील माझ्या दवाखान्यात औषधसाठ्याची मोजदाद करताना सुवर्णमालिनी वसंताच्या तीन डब्या कमी आढळल्या. सुवर्णकल्पांच्या कपाटाची किल्ली दोघांकडेच असे. एक माझ्याकडे आणि दुसरी, सात वर्षे माझ्याकडे औषधे देण्याचे काम करणाऱ्या मदतनिसाकडे. मी त्यास जाब विचारला, तो दुखावून बोलला, आणि रुग्णांच्या देखत मी त्यास दुसऱ्या दिवसापासून न येण्यास सांगितले. त्या महिन्याचे वेतनही मी अडकवून ठेवले.

सुमारे तीन आठवड्यांनी वितरकाचे बिल व मालाची पोच पुन्हा तपासली, तेव्हा उलगडा झाला. मालच तीन डब्यांनी कमी आला होता. पोचेवर सही माझी होती. मोजणी मात्र कोणीच केली नव्हती. तोपर्यंत वकिलामार्फत नोटीस येऊन पोहोचली होती. तीत बेकायदा बडतर्फी, अडकवलेले वेतन, आणि सात वर्षे ठरल्यापेक्षा कमी वेतन दिल्याचा आरोप होता. यांपैकी पहिले दोन आरोप खरे होते. तिसरा खरा नव्हता, परंतु तो खोटा आहे हे दाखविण्यास माझ्याजवळ काहीही नव्हते. नियुक्तिपत्र नव्हते, वेतन रोखीने दिलेले, कोठेही सही घेतलेली नव्हती. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली व त्याने सांगितलेली रक्कम दिली. प्रकरण मिटले, पण तो परत आला नाही. पुढे वर्षभर जुने रुग्ण त्याची चौकशी करीत राहिले.

या प्रसंगानंतर व्यवसायबंधूंशी केलेल्या चर्चेतून व वकील मित्रांच्या मार्गदर्शनातून जे समजले, ते येथे मांडत आहे. निदानपरिवर्जनाचे महत्त्व आपणांस सांगावयास नको. तंट्यांचेही तसेच आहे. बहुतेक तंट्यांचा निकाल तंटा उद्भवण्यापूर्वी लिहिल्या गेलेल्या, अथवा न लिहिल्या गेलेल्या, कागदावर लागतो; आणि उरलेल्यांचा निकाल मुदत पाळली किंवा चुकली यावर लागतो. नोंद आणि मुदत ही दोन सूत्रे ध्यानात ठेवून पुढील प्रकरणे वाचावीत.

१. सेवकवर्ग : नेमणूक आणि वेतन

आपल्यापैकी अनेकांचा असा समज आहे की दवाखाना हे दुकान नव्हे, म्हणून कामगार कायदे आपणांस लागू नाहीत. या समजास जुना आधार आहे. गुजरातमधील एका डॉक्टरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये, खासगी दवाखाना हा १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमातील व्यापारी आस्थापनेत मोडत नाही, असा निर्णय दिला होता. मात्र तो कायदाच आता राहिलेला नाही. त्याच्या जागी महाराष्ट्राचा २०१७ चा अधिनियम आला असून त्यातील आस्थापनेच्या व्याख्येत वैद्यक व्यावसायिकाचे रुग्णालय, दवाखाना व चिकित्सालय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नोंदणीची मूळ मर्यादा १० कामगारांची होती; २०२५ मध्ये ती २० करण्यात आली. त्याहून कमी कामगार असल्यास नोंदणी नको, पण व्यवसाय सुरू झाल्याची ऑनलाइन सूचना देणे आवश्यक आहे. मीरा-भाईंदरमधील बहुतेक दवाखाने व औषधालये या दुसऱ्या वर्गात येतात. सूचना दिल्याची पावती दर्शनी भागी लावावी.

त्याहून मोठा बदल २१ नोव्हेंबर २०२५ रोजी झाला. त्या दिवसापासून केंद्राच्या चार कामगार संहिता अंमलात आल्या व वेतन, किमान वेतन, उपदान, औद्योगिक विवाद इत्यादींचे जुने कायदे त्यांत विलीन झाले. वेतन संहिता एकच सेवक असलेल्या दवाखान्यासही लागू आहे. तिच्यातील पुढील तरतुदी आपण पाठच कराव्यात.

मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावयाचे असते. सेवकास काढून टाकले किंवा त्याने राजीनामा दिला, तरी त्याचे येणे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे असते. म्हणजे "हिशेब पूर्ण होईपर्यंत पगार थांबवू" ही आपली सवय कायद्यास मान्य नाही. वेतन कमी मिळाल्याचा दावा सेवकास तीन वर्षांपर्यंत करता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, असा दावा झाल्यास वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दिले नाही हे सेवकाने सिद्ध करावयाचे नाही. निर्णय मालकाविरुद्ध गेल्यास मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. माझ्या प्रकरणातील तिसरा आरोप आज झाला असता, तर त्याची किंमत काय झाली असती, याची कल्पना वाचकांनी करावी.

यावर उपाय अगदी साधा आहे. वेतन बँक खात्यात जमा करावे. रोख द्यावयाचेच असल्यास वेतनपत्रकावर रक्कम, महिना व दिनांक घालून सही घ्यावी व वेतनचिठ्ठी द्यावी. वेतन शासनाने त्या वर्गास ठरविलेल्या किमान दराहून कमी नाही ना, हे कामगार खात्याच्या अधिसूचनेवरून वेळोवेळी पडताळावे. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत नियुक्तिपत्र आता बंधनकारक आहे. परंतु दोन मदतनिसांच्या दवाखान्यातही ते एक पानाचे का होईना, द्यावे. त्यात कामाचे स्वरूप, वेळ, साप्ताहिक सुटी, वेतन, रजा आणि काम सोडण्याच्या पूर्वसूचनेचा कालावधी एवढे असले तरी पुरे.

उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, दहा वा अधिक सेवकांच्या आस्थापनेस लागू होते. पाच वर्षांची सलग सेवा झालेल्या सेवकास प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन द्यावे लागते व त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. शेवटचे वेतन १३,००० रुपये आणि सेवा ८ वर्षे असल्यास वर्षास ७,५०० प्रमाणे ६०,००० रुपये होतात. ठरावीक मुदतीच्या करारावरील सेवकास नव्या संहितेनुसार एक वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणशीर उपदान मिळते. मोठी औषधालये व पंचकर्म केंद्रे चालविणाऱ्यांनी ही रक्कम दरवर्षी बाजूस ठेवावी.

२. संशय, चौकशी आणि काम सोडून जाणे

माल किंवा पैसा कमी आढळला, तर प्रथम कागद तपासावा, मग माणूस. मागणीपत्र, बिल, पोच, साठा नोंदवही आणि विक्री यांचा मेळ आधी घालावा. तरीही तफावत उरल्यास सेवकास लेखी विचारणा करावी, उत्तर देण्यास काही दिवस द्यावेत, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. ज्या वस्तू त्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविल्या होत्या, त्यांचे नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाले असेल, तरच भरपाई वेतनातून कापता येते. तीही त्याची बाजू ऐकल्यानंतर आणि नुकसानीच्या रकमेपुरतीच. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. रुग्णांसमोर चोर म्हणणे, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, कोऱ्या कागदावर सही घेणे या गोष्टी मालकाची खरी बाजूही दुबळी करतात.

काम कमी झाल्यामुळे वर्षभर वा अधिक सेवा झालेल्या कामगारास कमी करावयाचे असल्यास एक महिन्याची लेखी पूर्वसूचना, किंवा त्याऐवजी वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते.

उलट बाजूचा तंटाही नेहमीचा आहे. हाताखाली शिकलेला तरुण वैद्य किंवा मदतनीस बाहेर पडतो आणि शेजारच्या गल्लीत पाटी लावतो. "तीन वर्षे दोन किलोमीटरच्या आत व्यवसाय करणार नाही" असे लिहून घेतलेले असते. भारतीय संविदा अधिनियमाच्या कलम २७ नुसार नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन शून्यवत आहे. क्रिकेटपटू झहीर खान यांच्याशी झालेल्या एका कराराच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा सांगितले. नोकरी चालू असतानाचे बंधन आणि वाजवी रकमेचा बंधपत्रक-करार हा मात्र वेगळा विषय होय. तसा करार २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात वैध ठरविला. तात्पर्य, माणसास अडविता येत नाही. आपल्या रुग्णांच्या नोंदी व स्वतःचे पाठ मात्र कुलपात ठेवता येतात, आणि ते गोपनीय असल्याची अट नियुक्तिपत्रात घालता येते.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा एका सेविकेच्या दवाखान्यासही लागू आहे. दहा वा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती नेमावीच लागते; न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून लहान आस्थापनेतील, अथवा खुद्द मालकाविरुद्धची, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रारीची मुदत तीन महिने असून सबळ कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढविता येते. अभ्यंग-स्वेदनासाठी परिचारिका नेमणाऱ्यांनी रुग्णाकडून होणाऱ्या गैरवर्तनासही हा कायदा लागू होऊ शकतो, हे विसरू नये.

३. जागेचा करार

आपल्या शहरातील कितीतरी दवाखाने इमारतीच्या तळमजल्यावरील भाड्याच्या गाळ्यात आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा वा भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावयास हवा, आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. करार तसा नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तथापि या तरतुदीवर विसंबून राहू नये. अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत, भाडेवाढ, देखभाल खर्च कोणाचा, पाटी लावण्याची परवानगी आणि गाळ्यात केलेल्या फर्निचरचे पुढे काय, ही कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत. अनामत नेहमी बँकेमार्फतच द्यावी.

४. उधारी आणि परत आलेला धनादेश

औषधालयचालकांच्या बहुतेक तक्रारी उधारीच्या असतात. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षे. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे लिहून सही दिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून दरवर्षी ३१ मार्चच्या बाकीवर सही घेण्याची जुनी पेढीवाल्यांची पद्धत आजही उत्तम आहे.

धनादेश न वटल्यास पायऱ्या ठरलेल्या आहेत. धनादेश त्यावरील दिनांकापासून तीन महिन्यांत बँकेत भरलेला असावा. न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून देणेकऱ्यास १५ दिवस मिळतात. तरीही पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात फिर्याद दाखल करावी. "देतो, देतो" या शब्दांवर ते ३० दिवस गेले, की त्या मेमोवर उभी राहणारी फिर्याद गेली. दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, आपण ज्या शाखेतील खात्यात धनादेश भरला, त्या क्षेत्रातील न्यायालयात फिर्याद करता येते. यासाठी पूर्वी ठाण्यास खेपा घालाव्या लागत. २०२५ मध्ये मीरा रोड येथे दिवाणी व फौजदारी न्यायालय सुरू झाल्याने ती अडचण बरीच कमी झाली आहे.

नोटीस पाठविताना आणखी एक ध्यानात घ्यावे. नोंदणीकृत टपालाची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पाठविल्याची पावती व पोहोचल्याचा तपशील दोन्ही जपून ठेवावेत.

५. रुग्णाची तक्रार

फी घेऊन केलेली चिकित्सा ही ग्राहक कायद्याखालील सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले. आज २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम लागू असून आपल्या भागातील तक्रारी ठाणे येथील जिल्हा आयोगापुढे जातात. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. आयोगाची नोटीस आल्यावर आपले लेखी म्हणणे ३० दिवसांत, व आयोगाने वाढ दिल्यास आणखी १५ दिवसांत, दाखल करावे लागते. पंचेचाळीस दिवसांनंतर एक दिवसही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. निर्दोष असूनही केवळ नोटीस टेबलाच्या खणात राहिल्याने प्रकरण हातचे जाऊ शकते.

येथे आपला खरा साक्षीदार म्हणजे केसपेपर. लक्षणे, परीक्षण, निदान, दिलेल्या कल्पांची नावे व मात्रा, सांगितलेले पथ्य, पुन्हा दाखविण्याचा दिवस, आणि "अन्य तज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला दिला" हे वाक्य, या गोष्टी त्याच वेळी लिहिलेल्या असाव्यात. नुसते "चूर्ण क्र. ३, सात पुड्या" असे लिहिलेला कागद आपल्यालाच उपयोगी पडत नाही. मागाहून शाई बदलून केलेली भर तर घातकच. पंचकर्म, क्षारसूत्र, अग्निकर्म यांपूर्वी रुग्णास समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन त्याच कर्मासाठी संमती घ्यावी. एका कर्मासाठी घेतलेली संमती दुसऱ्या कर्मास चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले आहे. अपवाद केवळ जीव वाचविण्यासाठी तातडीने करावयाच्या उपचाराचा.

दुसऱ्या पद्धतीच्या औषधांविषयीही सावधगिरी हवी. मुंबईतील एका होमिओपॅथी व्यावसायिकाने दिलेल्या ॲलोपॅथिक औषधांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, ज्या पद्धतीचे ज्ञान व अधिकार नाहीत तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे ठरवून तीन लाख रुपये भरपाई देवविली. आपल्या नोंदणीने नेमके कोणते अधिकार मिळतात, याची खात्री महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडून करून घ्यावी.

फौजदारी बाजू अधिक गंभीर आहे. २००५ च्या निर्णयानुसार वैद्यकीय व्यावसायिकाविरुद्ध फौजदारी कारवाईस घोर निष्काळजीपणा लागतो, आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे असे अपेक्षित आहे. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये एक भेद आहे. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास सर्वसाधारण शिक्षा पाच वर्षांपर्यंत असून नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास ती दोन वर्षांपर्यंतच आहे. मात्र तेथील स्पष्टीकरणात हा शब्द राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाखालील नोंदणीपुरताच मर्यादित केला आहे. आयुर्वेद व्यावसायिकांची नोंदणी त्या अधिनियमाखाली होत नाही. म्हणजे शब्दशः वाचल्यास ही सवलत आपणांस नाही. संघटनांनी हा विषय लावून धरावयास हवा; तोपर्यंत प्रत्येकाने व्यावसायिक दायित्व विमा उतरविताना फौजदारी बचावाचा खर्च त्यात येतो किंवा नाही, हे पाहावे.

६. औषध निरीक्षकाची भेट

आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस परवाना लागत नाही, निर्मितीस लागतो. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास त्यातून सूट आहे. मात्र तेच औषध दुसऱ्या दुकानात विक्रीस ठेवले, की सूट संपते. निरीक्षक विक्रेत्याकडून नमुना घेतो, तेव्हा त्याचे चार भाग करून एक भाग आपणांस देतो. तो सीलबंद स्थितीत जपावा. शासकीय विश्लेषकाचा अहवाल मान्य नसल्यास त्याची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत, विरुद्ध पुरावा देण्याचा इरादा लेखी कळवावा लागतो. अन्यथा तो अहवाल निर्णायक ठरतो. विक्रेत्याचे संरक्षण म्हणजे उत्पादकाचे नाव दाखविणारे खरेदीचे बिल. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा माल म्हणूनच महाग पडतो.

७. नोटीस आली असता

नोटीस घेण्यास नकार देऊ नये. आल्याचा दिनांक पाकिटावर लिहावा व पाकीट ठेवावे. रागाच्या भरात फोन करू नये. मूळ कागद काढून त्यांच्या प्रती घ्याव्यात व वकिलांस भेटावे. व्हॉट्सॲपवरील संदेश पुरावा म्हणून दाखवावयाचे असतील, तर विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या निवडणुकीसंबंधीच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आवश्यक ठरविले. ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून मूळ फोन विकू नये, संदेश पुसू नयेत.

आणि सर्वांत शेवटी, किंबहुना सर्वांत आधी, समेटाचा विचार करावा. लोकअदालतीत झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्याविरुद्ध अपील नसते, आणि प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती व औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. आपल्या सेवकालाही हे सांगण्यास संकोच करू नये. ज्यास आपला हक्क ठाऊक आहे, तो भांडण वाढवीत नाही, हिशेब मागतो.

समारोप

वरील मजकूर सर्वसाधारण मार्गदर्शनापुरता आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलांचा सल्ला अवश्य घ्यावा. तथापि पाच वस्तू आजच तयार ठेवता येतात : नियुक्तिपत्रांची धारिका, वेतनपत्रक, साठा नोंदवही, पूर्ण भरलेले केसपेपर, आणि नोटिशींच्या मुदती लिहिलेली दिनदर्शिका.

माझ्या दवाखान्यात आता आलेला माल दोघे मिळून मोजतात आणि दोघेही सही करतात. त्यास चार-पाच मिनिटे लागतात. सात वर्षे सोबत काम केलेल्या एका प्रामाणिक माणसास मी या चार-पाच मिनिटांच्या आळसापायी गमावले. ती वेळ वाचकांपैकी कोणावरही न येवो, एवढीच इच्छा.